चिरंजीव अभिमन्यू यांनी व्यासपीठाकडे यावे

अमरसिंह सरांच्या आवाजाला घाटनांदूर आणि आसपासच्या गावांत तोड नव्हती. नोकरीने ते हायस्कुलात इतिहास शिकवत, पण लोक त्यांना ओळखत ते लग्नातल्या माईकवरून. आमच्या भागात लग्न म्हणजे नवरा-नवरीइतकंच पाहुण्यांच्या नावांचं काम. कुणाचं नाव आधी घेतलं, कुणाचं मागून घेतलं आणि कुणाचं राहूनच गेलं, यावर पुढच्या निवडणुकीपर्यंतची बोलाचाल ठरते. दोन विरोधक एका सोफ्यावर बसले तरी दोघांनाही आपलंच नाव पहिलं घेतलं असं वाटावं, इतकी सफाई सरांकडे होती. म्हणून त्यांची तारीख मिळाल्यावरच काही लोक मुहूर्त काढत.

असा हा माणूस घरी आला की मात्र त्याच्या हाकेला ओ मिळत नसे.

"अभिमन्यू! ए अभिमन्यू! बाबा आले बघ!"

पाच वर्षांचा अभिमन्यू दारात चपला ओळीत लावत बसलेला असे. तो मान वर करत नसे. सरांनी पायातल्या चपला काढल्या की तो त्या उचलून ओळीच्या शेवटी नीट लावी आणि पुन्हा पहिल्या चपलेपासून बघत येई. बापलेकांचा दिवसभरातला व्यवहार तेवढाच. हजार माणसांशी बोलून घसा बसलेले सर मग पलंगावर बसून राहत. घरात तीन माणसं होती आणि बोलायला कुणी नव्हतं, असंच त्यांना वाटे.

सरांची आई सुंदरबाई गावातच थोरल्या मुलाकडे राहत. त्यांना यात काही वावगं दिसत नव्हतं. "आमरसिंग बी लई उशिरा बोललाता," त्या म्हणत. "आता बघा, गप बसतो का?"

सरांच्या बायकोचं, वनमालाचं, त्यावर समाधान होत नव्हतं. तिने मोबाईलवर एका डॉक्टरांचा व्हिडिओ शोधला होता. मूल नजरेला नजर देत नाही, एकच खेळ खेळतं, हाकेला वळत नाही, तर काय असू शकतं, ते त्यात सांगितलं होतं. नवऱ्याला उगाच घोर नको म्हणून ती तो स्वयंपाकघरात बसून बघे. एका संध्याकाळी कणीक मळताना तिला त्याच डॉक्टरांचा आवाज सर बसले होते त्या बाहेरच्या खोलीतूनही येऊ लागला. एकच वाक्य आधी तिच्या मोबाईलवर, मग जरा मागून पलीकडून. तिने आपला मोबाईल बंद केला, तर पलीकडचाही बंद झाला. त्या रात्री जेवताना दोघं आमटीत मीठ जास्त झालंय का, यावर बरंच बोलले.

शेवटी एसटीने अंबाजोगाईला जाऊन मुलांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. बाई चांगल्या होत्या. ऑटिझम असू शकतो, एडीएचडी असू शकतो, दोन्हीतलं थोडंथोडं असू शकतं, बघून सांगू, घाबरायचं कारण नाही, असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी विचारलं, "हाक मारली तर वळतो का?"

"वळतो की!" सर माईकवरच्या आवाजात म्हणाले. बाहेरच्या बाकावरचे पेशंट आत बघू लागले.

वनमालाने नवऱ्याकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "बरं. चार माणसांत वळतो का, तेही बघा आणि सोमवारी या."

परतीच्या एसटीत वनमाला म्हणाली, "कावून खोटं बोललात?"

"खोटं न्हाई. वळलाता एकदा."

"कवा?"

"दिवाळीच्या आधी."

"तवा तुमच्या मागं भितीवर पाल होती."

सर खिडकीतून बाहेर बघत राहिले. आपलं पोरगं आपल्या हाकेला वळतं, एवढं एकदा दिसावं, दुसरं काही नको, असं त्यांना झालं होतं. आणि सोमवारच्या आधीच्या रविवारी अर्जुनरावांच्या मुलीचं लग्न होतं. अर्जुनराव म्हणजे बागायतदार आणि राजकारणात मुरलेले. त्यामुळे चार माणसांची काही ददात नव्हती.

"त्याला तितं नेऊ नगा," वनमाला म्हणाली. "लई आवाज असतो."

"आवाज माझाच असतो. बापाच्या आवाजाला कुणी भितं का?"

लग्नाच्या मांडवात सरांनी दोघांना अगदी पुढच्या रांगेत, स्टेजवरून दिसतील असं बसवलं. अभिमन्यूने पाण्याचे पाऊच गोळा करून पायापाशी रांग लावली. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला गेला होता, मान्यवर येत होते, आणि सरांचा आवाज लागला होता. दोन माजी सभापतींच्या नावांच्या मधे त्यांना जरा उसंत मिळाली. त्यांनी मुलाकडे पाहिलं, घसा साफ केला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "चिरंजीव अभिमन्यू अमरसिंह यांनी व्यासपीठाकडे यावे!"

सगळा मांडव वळला. अभिमन्यू वळला नाही.

"चिरंजीव अभिमन्यू... बाळा, जिथं असशील तिथून बाबांकडं ये." दुसऱ्या वेळी सरांचा आवाज जरा फाटला आणि नेमकी माईकने शिट्टी मारली.

आता लग्नाच्या माईकवर लहान मुलाचं नाव दोनदा घेतलं जातं ते एकाच कारणाने. त्यात घेणाऱ्याचा आवाज फाटलेला. "सराचं पोरगं हरवलं!" कुणीतरी ओरडलं आणि खुर्च्या सरकल्या.

"हरवलं न्हाई! न्हाई हरवलं!" सर माईक तसाच टाकून खाली धावले. "हे काय, इतंच तर..." त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं. खुर्ची रिकामी होती. पाऊचची रांग तेवढी जागेवर होती. मागे वळून बायकांना 'हरवलं न्हाई, हितंच हाय' म्हणून सांगत असलेल्या वनमालाने शेजारी पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. माईकने शिट्टी मारली तसं पोर कानांवर हात ठेवून उठलं होतं आणि त्या धांदलीत कुठंतरी निघून गेलं होतं. न हरवलेलं मूल बापाने हाका मारून हरवलं होतं.

मग मांडव कामाला लागला. अर्जुनरावांचा पुतण्या गहिनीनाथ हा उत्साही तरुण. पोर पळवणारे आले असतील म्हणून त्याने आधी फाटक लावून घेतलं. त्यामुळे बाहेरून आलेल्या पुढाऱ्याची गाडी बाहेर अडकली आणि आतून निघालेल्या त्याच्या विरोधकाची आत. 'मुद्दाम केलं' असा निरोप दोन्ही गाड्यांतून एकदमच अर्जुनरावांकडे आला. दर्शनाहून परतलेला नवरदेवही घोड्यावर फाटकाबाहेरच राहिला. बँडवाल्यांना वाटलं, वरात रखडली म्हणजे वाजवायचं, म्हणून ते जोरात वाजवू लागले. आचाऱ्यांनी भाताची पातेली उघडून पाहिली. एका म्हाताऱ्याने तीन पोरं दंडाला धरून सरांपुढे उभी केली.

"यातलं कोणतं?"

"यातलं न्हाई हो!"

"बघा नीट. हे मधलं लई रडायलंय."

"मी नवरदेवाचा भाचा हाय!" मधलं म्हणालं.

आणि चहूबाजूंनी हाका चालल्या होत्या. "अभिमन्यूऽऽ! आरं ए अभिमन्यूऽऽ!" जो तो सरांच्या वरताण आवाज काढत होता.

"नाव इचारलं तर सांगतंय ना?" गहिनीनाथने धापा टाकत विचारलं.

सरांनी चहूकडे पाहिलं. सगळा तालुका समोर उभा होता. हाकेची आणि दवाखान्याची गोष्ट त्यांनी आजवर आईला सांगितली नव्हती, भावाला सांगितली नव्हती, शाळेत तर नाहीच.

वनमाला पुढे आली. "न्हाई सांगत," ती म्हणाली. "नाव सांगत न्हाई, हाकेला वळत न्हाई. हाका मारू नगा. भितंय ते."

"म्हंजे, ऐकू येत न्हाई का?"

"येतं. लई येतं."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सरांना वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं. पण जमिनीला त्यांची तारीख मिळाली नव्हती. ते तसेच स्टेजवर चढले आणि पडलेला माईक त्यांनी उचलला.

"मंडळी," ते म्हणाले, आणि तो आवाज नेहमीचा नव्हता. "माझा मुलगा हाकेला ओ देत नाही. आमी दवाखान्यात दाखवायलोत. काय आहे ते आजून ठरलं न्हाई. त्याला आवाज सोसत न्हाई. तुमी सगळे त्याच्यासाठी पळायलात, उपकार आहेत. पण जरा वेळ कुणीच बोलू नका. बँडपण." एवढं बोलून त्यांनी माईक बंद केला.

ऐन मुहूर्ताला लग्नाचा मांडव गप्प बसल्याचं आमच्या तालुक्यात कुणी पाहिलेलं नाही. घोडासुद्धा उभा राहिला. आणि त्या शांततेत सरांच्या पायाखालून, फळ्यांच्या खालून, आवाज आला. टक्. जरा थांबून पुन्हा टक्.

सरांनी उतरून स्टेजचं कापड उचललं आणि नवा कोरा सदरा घालून ते गुडघ्यांवर आत शिरले. सत्काराचे शाल-श्रीफळ तिथे ठेवले होते. अभिमन्यूने पोत्यातले सगळे नारळ काढून या टोकापासून त्या टोकापर्यंत एका ओळीत मांडले होते. शेंड्या सगळ्या एका बाजूला. शेवटचा नारळ नीट बसत नव्हता, तेवढा तो टेकवून बघत होता. सरांचे डोळे भरून आले. त्यांच्या तोंडात 'अभिमन्यू' आलं होतं, ते त्यांनी गिळलं आणि ते नुसते शेजारी बसले.

बाहेर वनमाला कापडाला पाठ लावून बसली आणि आत डोकावणाऱ्यांना हाताने परत पाठवू लागली. "सापडलं!" म्हणून एकच ओरडा झाला, फाटक उघडलं, दोन्ही गाड्या एकमेकींना घासून सुटल्या आणि दोन्ही पुढारी सोफ्यांवर येऊन बसले. नवरदेव आत आला आणि वर धावपळ सुरू झाली. गुरुजींनी घड्याळ बघत कुणाची वाट न बघता मंगलाष्टकं धरली आणि सगळ्या मांडवातले कर्णे पुन्हा दणाणले.

अभिमन्यूने नारळ सोडला. त्याने शेजारी पाहिलं नाही. नुसता हात लांब करून सरांचा उजवा हात उचलला, आणि पिशवीतून हवी ती वस्तू काढून घ्यावी तसा तो आपल्या एका कानावर बसवला. मग डावा घेऊन दुसऱ्या कानावर. सरांच्या लक्षात आलं की सगळ्या मांडवात कर्ण्यांचा आवाज कमी येईल अशी ही एवढीच जागा होती. ज्या आवाजाची लोक आगाऊ तारीख घेत, त्या आवाजापासून लपायला पोराने त्याच आवाजाच्या पायाखालची जागा शोधली होती. सरांना हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही त्यांनी आवाज न करता उरकलं.

अक्षता पडल्या. वर गहिनीनाथने माईक घेतला आणि फाटकाबाहेर अडकलेल्या पुढाऱ्याऐवजी आत अडकलेल्या विरोधकाचं नाव आधी घेतलं. कुठंतरी एक सोफा जोरात सरकला. तेवढ्यात कापड वर झालं आणि फेटा सुटलेले अर्जुनराव वाकून आत बघू लागले.

"सर, नारळ द्या वर, सत्कार खोळंबलेत. आन् तुमी या लवकर, गहिनीनाथ सगळ्याचा सत्यानाश करायलाय. आभार तरी माना!"

"आज दुसऱ्या कुणाला सांगा," सर अगदी हळू म्हणाले. "माझे हात गुंतलेत."

"आभार तोंडानं मानत्यात सर! हाताचं काय काम त्यात?"

सरांनी कापड खाली सोडायची मानेनेच खूण केली. वाद घातला असता तर नेहमीचा आवाज लागला असता, आणि अभिमन्यूने कानांवरचे हात काढून टाकले असते.