निर्मलाताई खरे यांचा शनिवारचा तपास

निर्मलाताई खरे नवं पुस्तक हातात आलं की आधी स्टेपलर शोधतात. शेवटची वीस पानं मोजतात आणि खट्ट, खट्ट, खट्ट, तीन पिना मारून ती बंद करून टाकतात. मग पहिलं पान उघडतात. खुनी कोण ते स्वतः शोधून कागदावर लिहिल्याशिवाय पिना निघणार नाहीत, हा त्यांचा नियम. पिना काढायचं काम माझं. कारण मी त्यांच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि माझ्याकडे पक्कड आहे.

"उघड रे प्रशांत. पोस्टमास्तरची मेहुणी. बघ आहे का."

दहातल्या आठ वेळा मेहुणीच असते. उरलेल्या दोन वेळा निर्मलाताई पुस्तक माझ्या हातातून ओढून घेतात. "लेखक चुकलाय. मेहुणीच होती. रिजेक्ट!"

हे 'रिजेक्ट' त्यांच्या नोकरीतलं. भोसरीच्या एका कारखान्यात त्या एकतीस वर्षं तपासणी विभागात होत्या. वॉशर, बुश, नट असं दिवसभर मोजायचं, आणि केसाएवढा फरक दिसला तरी बाजूला काढायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी तोच खाक्या माणसांना लावला. कुणाचं बोलणं पटलं नाही की म्हणणार, "हे टॉलरन्समध्ये बसत नाही," आणि पर्समधून मोजपट्टी काढणार.

रहस्यकथांमध्येही त्यांची आवड ठरलेली. गाव लहान हवं. शोध लावणारा पोलीस नको. बेकरीवाली चालेल, शिंपी चालेल, निवृत्त शिक्षिका तर उत्तमच. "खून व्हावा, पण नीटनेटका व्हावा. आणि खुनानंतर लगेच कुणीतरी चहा टाकला पाहिजे." पिस्तुलं, पाठलाग, रक्ताची थारोळी, सगळं रिजेक्ट. त्यांचं एकच दुःख होतं. गॅलरीत उभ्या राहून त्या आमच्या निगडीकडे बघत आणि सुस्कारा सोडत, "एवढी मोठी प्राधिकरणाची वसाहत, पण कुणी कुणाला साधं विष घालत नाही!"

विष मिळेना म्हणून त्यांनी मिळेल ते हाती घेतलं. सोसायटीच्या बागेतली जास्वंदीची फुलं रोज पहाटे कोण पळवतं, हा त्यांचा पहिला गाजलेला तपास. तुटलेले देठ मोजून त्यांनी जाहीर केलं, "उंची पाच फुटांच्या आत. डावखुरी. गुडघे दुखतात, म्हणून खालच्या फांद्यांना हात नाही." तिसऱ्या दिवशी गुन्हेगार सापडला. आमच्याकडे मुक्कामाला आलेली माझी सख्खी सासू. ती त्यानंतर महिनाभर आमच्याकडे राहायला आली नाही, त्यामुळे मी निर्मलाताईंचा कायमचा ऋणी झालो.

आणि मग आलं आप्पांचं प्रकरण.

आप्पा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या महेश टिळेकरचे वडील. वय ऐंशीच्या घरात, धोतर, पांढरी टोपी, मूळ गाव चाकणच्या अलीकडे. अलीकडे त्यांचं विसरणं फार वाढलं होतं. स्वतःच्या फ्लॅटचं दार ओळखू यायचं नाही. कधी माझी बेल वाजवून "सूनबाई, दार उघड" म्हणायचे. आणि दर शनिवारी सकाळी ते नाहीसे व्हायचे. दुपारी चारच्या सुमारास आपले आपण परत. कुठे होतात विचारलं तर एकच उत्तर, "हितंच हुतो की."

महेश पार टेकीला आला होता. जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "बास झालं राव. उद्या हायवेवर काही झालं तर मी काय करू? पुढच्या आठवड्यापासून बाहेरून कुलूप लावतो."

कुलूप शब्द ऐकला आणि वरच्या कठड्यावरून निर्मलाताईंचा आवाज आला, "थांब! मला दोन शनिवार दे."

त्यांचे डोळे असे चमकत होते की मला भीतीच वाटली. पाच मिनिटांत त्या माझ्या दारात. "चल, सहायक! अखेर खरी केस!"

पहिल्या शनिवारी आम्ही आप्पांच्या मागे बसमध्ये चढलो. गर्दीत पांढऱ्या टोपीवर नजर ठेवून उभे राहिलो. टोपी कासारवाडीला उतरली, आम्ही उतरलो. टोपी एका गल्लीत शिरली, आम्ही शिरलो. "इथे कुणीतरी बाई असणार," निर्मलाताई माझ्या कानात कुजबुजल्या. दार उघडलं, खरोखरच एक बाई बाहेर आली, आणि टोपीने मागे वळून आम्हाला विचारलं, "आपल्याला कोण पाहिजे?"

ते आप्पा नव्हतेच. कुणी दुसरेच सद्गृहस्थ लेकीकडे आले होते. त्या लेकीने आम्हाला पोहे दिले. निर्मलाताईंनी ते अतिशय गंभीरपणे खाल्ले.

दुसऱ्या शनिवारी त्यांनी चूक सुधारली. सकाळीच हळदीचं बोट घेऊन खाली उतरल्या, आणि "आप्पा, मुंगी आहे" म्हणत आप्पांच्या टोपीला मागून टिपका लावला. आता टिपका पुढे, आम्ही मागे. बस भोसरीवरून मोशी ओलांडून निघाली तशी निर्मलाताईंनी माझा दंड घट्ट धरला. "चाकण! प्रशांत, चाकणचा कांदाबाजार! मागच्या आठवड्यात जिन्यात कांद्याची सालं होती. मी म्हटलं कुणीतरी कचरा सांडलाय. अगं निर्मले, डोळे कुठे होते तुझे!"

मी रोज कंपनीच्या बसने चाकणला जातो. पण कांद्याच्या बाजारात कधी पाऊल टाकलं नव्हतं. ट्रकच ट्रक, कांद्याचे ढीग, लिलावाचा आरडाओरडा, डोळ्यांना झोंबणारा वास. आणि त्या सगळ्याच्या मध्ये, एका पालथ्या क्रेटवर, आप्पा. चार व्यापारी त्यांच्या पुढ्यात उभे. आप्पांनी एक कांदा उचलला, अंगठ्याने त्याची मान दाबली आणि बाजूला टाकला.

"ह्यो टिकायचा न्हाई. मान जाड हाय. त्यो पल्याडचा ढीग घ्या."

व्यापारी मुकाट्याने पल्याडच्या ढिगाकडे गेले. त्यांच्यातल्याच एकाने आम्हाला सांगितलं, की आप्पा चाळीस वर्षं या बाजारात वजनकाट्यावर होते. अजून त्यांची नजर चुकत नाही. दुपारी ओळखीचा कंडक्टर त्यांना बसमध्ये बसवतो आणि निगडीला नीट उतरवतो.

निर्मलाताई माझ्याकडे वळल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "पास."

एकतीस वर्षांत त्यांनी हा शब्द किती वेळा उच्चारला असेल कोण जाणे. मी तरी पहिल्यांदाच ऐकत होतो.

तेवढ्यात आप्पांनी आम्हाला पाहिलं. "तुमी वरल्या मजल्यावरच्या बाई न्हवं? त्या खुनाच्या?"

"व्हय आप्पा," निर्मलाताई त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या. "घरी का सांगत नाही तुम्ही?"

आप्पांनी हातातला कांदा फिरवला. "आठवतच न्हाई घरी. हितं आलं की समदं आठवतं. तितं गेलं की दार कंचं त्येबी कळंना." मग एकदम काकुळतीला आले. "सोसायटीत बोंब करू नगा. पोरगं मान खाली घालंल."

घोटाळा असा, की बोंब आधीच झाली होती. 'रविवारी सकाळी अकरा वाजता क्लबहॉलमध्ये रहस्याचा उलगडा. सर्वांनी यावे. बिस्किटे आहेत,' असा मेसेज निर्मलाताईंनी शुक्रवारीच सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. सगळ्यांना गोल बसवून, एकेकावर बोट रोखत शेवटी सत्य सांगायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं स्वप्न. रविवारी हॉल भरला. माझी सासूसुद्धा आली, पुढच्या रांगेत. निर्मलाताई इस्त्रीची साडी नेसून उभ्या राहिल्या. सगळ्यांवरून नजर फिरवली. घसा साफ केला.

"तपास फसला," त्या म्हणाल्या. "मला काहीही सापडलं नाही. बिस्किटं घ्या."

लोक हसले. सासूबाई सर्वांत जास्त हसल्या. निर्मलाताईंनी शांतपणे बशी फिरवली.

हॉल रिकामा झाल्यावर त्यांनी महेशला थांबवलं आणि सगळं सांगितलं. महेश खुर्चीची कड खरवडत राहिला.

"काकू, कधीकधी त्यांना माझं नाव आठवत नाही. आणि कांद्याची मान आठवते?"

"मग तू तिथे जाऊन भेट त्यांना. आणि कुलूप आणू नकोस. दर शनिवारी मी जाईन बरोबर."

त्या जायला लागल्या. तिसऱ्या खेपेला महेशही रजा टाकून गेला. काय झालं ते त्याने मला स्वतः सांगितलं, पार्किंगमध्ये, गाडीच्या आरशाशी उगाच चाळा करत. आप्पांनी त्याला लांबून पाहिलं, क्रेटवरून उठले, आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असे ओरडले, "आरं, ह्यो माझा म्हेश! हिंजिनेर हाय!"

मागच्या शनिवारी मला सुट्टी होती, म्हणून मी गेलो सोबतीला. परतीच्या बसमध्ये आप्पा दोन मिनिटांत झोपले आणि त्यांचं डोकं निर्मलाताईंच्या खांद्यावर टेकलं. मी चेष्टेने म्हणालो, "ताई, त्या रविवारी तुम्ही उलगड्याचं शेवटचं प्रकरण हातचं घालवलंत."

त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"आमच्या ह्यांना मी सव्वा वर्ष कुलपात ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "त्यांचंही असंच झालं होतं शेवटी. दुपारी बाहेर पडायचे. कुठे जायचे ते मला आजतागायत माहीत नाही. मी शोधलंच नाही रे. ड्यूटी असायची. कुलूप सोपं होतं."

मी आप्पांची खाली पडलेली टोपी उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

"दारापाशी उभे राहून कडी हलवत राहायचे. मग मी घरी आले की त्यांना वाचून दाखवायचे. घरात एकच रहस्यकथा होती, तीच रोज. रोज खुनी सापडला की ते टाळ्या वाजवायचे. अगदी लहान मुलासारखे. म्हणायचे, निर्मला, कसं गं ओळखलंस तू?"

त्यांनी डोळे पुसले नाहीत, कारण खांदा जरा हलला असता तर आप्पा जागे झाले असते.

आमचा स्टॉप आला. मी उठलो आणि आप्पांना हाक मारणार, तेवढ्यात निर्मलाताईंनी मान हलवून मला खाली बसवलं.

"झोपू दे त्यांना. पुढे डेपोत उतरू. चालत येऊ आपण, काही घाई नाही."

बस पुढे निघाली. खड्डा आला तसा निर्मलाताईंनी आप्पांच्या कपाळाला अलगद तळहात लावून धरला.