दोन दिवसांची ताकीद

रामटेके हवालदारांच्या छपरीत जमिनीवर खडूची एक रेघ होती. तुम्ही शिपाई असा, शिपायाचा बाप असा, नाहीतर माझ्यासारखी पत्रकं वाटत फिरणारी कार्यकर्ती; पहिल्यांदा आलात की त्या रेघेवर उभं राहायचं आणि आपली हकिकत उभ्यानंच सांगायची. नंतर खुर्ची, काळा चहा, सगळं मिळे. "बसला का मानूस सजवून सांगते," असं त्यांचं म्हणणं. एका वकीलसाहेबांनाही त्यांनी उभं केलं होतं. ते पुन्हा आले नाहीत.

गडचिरोली तेव्हा नुकतीच जिल्हा झाली होती. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ओला होता आणि अर्धी टपालं अजून चांद्यालाच जात. रामटेके पलटणीत कारकून होते. निवृत्तीनंतर ते फौजेतून काढलेल्या, शिक्षा झालेल्या पोरांचे अपिलाचे अर्ज टाईप करून देत. फुकट. बदल्यात एक वाक्य ऐकावं लागे: "बावीस वर्षं नोकरी. सुटीवरून एक दिवस उशीर नाई." दिवसातून किमान चार वेळा.

मी त्यांच्याकडे देवू मडावीला घेऊन गेले. देवू भामरागडकडचा, त्याच्या गावातला पहिला फौजी. सुटीवर आला, पुरात अडकला, सव्वा महिना उशिरा पलटणीत पोचला. तोवर त्याला भगोडा ठरवून झालं होतं. साहेबासमोर सुनावणी झाली, वकील कुठला. विचारलं, "गुन्हा कबूल?" देवू खोटं बोलत नाही आणि उशीर तर झालाच होता. तो म्हणाला, कबूल. झाला बरखास्त. आता गावात लहान पोरंसुद्धा त्याला भगोडा म्हणत.

माझं डोकं फिरलं होतं. रात्रभर जागून मी चार पानी अर्ज लिहिला होता. रामटेकेंनी तांबडी पेन्सिल काढली.

"पत्रकबाई, 'जुलमी' काट. 'अमानुष' काट. 'सडलेली व्यवस्था'... अवो, हे तू त्या व्यवस्थेलेच लिहून राह्यली ना? काट."

चार पानांतून देवूचं नाव आणि गाव तेवढं उरलं.

"मग लिहायचं काय?"

"तारीख."

तारीख देवूकडे नव्हती. रेघेवर सावधान उभा राहून तो म्हणाला, "बुधवारच्या बाजाराले निघाचं होतं. मंग पाच बाजार भरलेच नाई. पानी होतं." त्याच्या गावात दिवस बाजारानं मोजतात. मी कपाळाला हात लावला. हवालदार मात्र खुलले.

"बाजार म्हंजे तारीखच. आता सांग, थे पानी कोनाच्या वहीत हाय?"

पाणी टपालखात्याच्या वहीत होतं. देवूच्या गावाकडे थैली घेऊन जाणारा डाकवाला नाला ओलांडता आला नाही की परत फिरे, आणि तशी नोंद होई. रामटेकेंनी मला पिटाळलं. एस.टी., मग बैलगाडी, मग पायी. "वही?" तिथला पोस्टमास्तर म्हणाला. "इतक्या वर्षांत कोनी मांगतली नाई." पाच आठवडे ओळीनं लिहिलं होतं: पाणी चढले, थैली परत. मी पोस्टाच्या पायरीवर बसून एकटीच हसले आणि सही-शिक्क्याची नक्कल घेऊन आले.

एकच घोळ होता. सुटी संपवून निघायचं होतं बुधवारी आणि पाणी चढलं शुक्रवारी.

"मधातले दोन दिवस?" रामटेकेंनी विचारलं.

"माय तापली होती," देवू म्हणाला. "म्हने, दोन दिवस राह्य. राह्यलो."

"हे लिहूच नका," मी म्हटलं. "पूर बुधवारीच आला म्हणू. दिल्लीत अर्ज वाचणाऱ्या साहेबाला काय कळतंय?"

रामटेकेंनी टाईपरायटरमध्ये कोरा कागद चढवला. "लिहू. 'दोन दिवस मी स्वतःच्या मर्जीने आईपाशी राहिलो.' ह्या वाक्याले हात लावाचा नाई."

मी भांडले. या एका वाक्यानं पोरगं बुडेल आणि ते तुमच्या माथी, असंही सुनावलं. "असू दे," ते म्हणाले. टाईप करताना तेच वाक्य त्यांचं दोनदा चुकलं. मला वाटलं, वय झालं.

सात महिने देवू आरागिरणीवर लाकडं उचलत राहिला. मग लिफाफा आला. बरखास्ती रद्द. भगोडा ठरवलं, तेही रद्द. पुराचे दिवस माफ. स्वतःच्या चुकीचे दोन दिवस अर्जदाराने आपणहून सांगितले, म्हणून बाकीचे म्हणणे विश्वासार्ह मानले, असं खाली लिहिलं होतं. त्या दोन दिवसांबद्दल सक्त ताकीद.

मी दोनदा वाचून दाखवलं. देवू सवयीनं रेघेवरच उभा होता, तो माझ्यापाशी आला आणि भगोड्याची ओळ त्यानं पुन्हा वाचायला लावली.

"जिंकलो आपण," मी म्हटलं. "तुमच्या वाक्यानं जिंकलो, मान्य. पण तेवढी ताकीदही नको होती त्याला."

त्यांनी टाईपरायटरवर कापड टाकलं. मग उठले आणि, का कोण जाणे, स्वतः जाऊन रेघेवर उभे राहिले.

"माह्या घरचीलेबी ताप होता. सुटी संपली होती. म्हने, दोन दिवस राहा. मी तारखेले गाडीत बसलो. पलटणीत हजेरी देल्ली, त्याच दिवशी तार आली."

विशेषण एकही नव्हतं. बावीस वर्षांचं ते वाक्य त्या दिवशी त्यांच्या तोंडून एकदाही आलं नाही.

त्यांनी तांबडी पेन्सिल घेतली. तोवर ती मी फक्त काटतानाच पाहिली होती. हुकमातल्या 'दोन दिवस' या शब्दांखाली त्यांनी हळूच रेघ ओढली आणि कागद देवूच्या हातात दिला.

"ही ताकीद सांभाळून ठेवजो, बाबू. माह्या कागदात एकबी नाई."