बापूच्या बेंजोतली मोकळी जागा

साल दोन हजार तेवीस. मला एकाहत्तरावं लागलं होतं. त्या साली आमचा बापू पिठाच्या गिरणीपुढं, भर रस्त्यात, डोक्यावर दळणाचा डबा घेऊन उभा राहिला तो हलेचना. मागं उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन हॉर्न मारतोय, ड्रायव्हर शिव्या घालतोय, आणि हा एक बोट वर करून म्हणतो, "थांब गड्या. पट्ट्यात सूर हाय."

गिरणीच्या पट्ट्यात!

बापू माझा शेजारी. भिंतीला भिंत. त्याला बोअरच्या मोटरीत सूर सापडतो, सुनेच्या मिक्सरात सापडतो. त्याची बायको, म्हणजे आमची वैनी, सांगते, "आवं भावजी, ह्यांनी सोत्ताच्या लग्नात भटजीला मंगलाष्टकात थांबवलं. म्हणं, जरा खालच्या पट्टीत घ्या."

आम्ही दोघांनी तीस वर्षं वराती वाजवल्या. त्याचा बेंजो, माझी हलगी. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं लावलेली तारांची पेटी. भोंग्याला जोडली की चार गावं जागी. बापूचा एक नेम होता. धून रंगात आली की तो बटणावरचे हात उचलायचा आणि माझ्याकडं बघून भुवई उडवायचा. मग एकट्या हलगीचे सात ठोके. मग परत बेंजो. ते सात ठोके माझे. शिराळ्यात नवरदेव घोड्यावरनं पडला, तरी ते चुकले नाहीत.

पुढं डीजे आले आणि आमची पार्टी बसली. मी हलगी खुंटीला टांगली. बापूनं मात्र बेंजोला आणखी चार वायरी लावल्या आणि दुसरीच माणसं धरली. एक इरफान, कुपवाडला लेथवर काम करतो, तो ड्रमवर. दुसऱ्या शुभदाबाई, इस्लामपूरच्या कॉलेजात शिकवतात, त्या मोठ्या गिटारवर. तिघं बसून काहीही वाजवायचे. म्हणे रॉक. म्हणे प्रयोग.

मी विचारलं, "बसवता कवा?"

"बसवत न्हाई रं. उठंल तसं वाजवतो."

मी चौथी शिकलेला माणूस, पण खोटं लिहिणार नाही. मी जळलो. त्या इरफानला पाच ड्रम आणि तीन झांजा लागतात. मला एक हलगी पुरायची!

बापूनं मला विचारलं होतं. एकदाच. "दादू, येतोस का?" मी म्हणालो, "नको." आता आमच्याकडं चहालासुद्धा पहिल्यांदा नकोच म्हणतात. मग समोरच्यानं म्हणायचं, "घ्या वो, अर्धा कप." मग आपण घ्यायचा. एवढी रीत लहान पोराला कळते. ह्या बहाद्दरानं दुसऱ्यांदा विचारलंच नाही. मी वर्षभर वाट बघितली.

मग त्यांनी कुपवाडच्या एका शेडात, सुट्टीच्या दिवशी, माणसं बोलावून कार्यक्रम ठेवला. तिथंच रेकॉर्ड करून त्याचा अल्बम काढायचा. मी जाणार नव्हतोच. पण नेमकं त्याच दिवशी माझं तिकडं दाताच्या डॉक्टरकडं काम निघालं. (दात चारच उरलेत.) शेडात काही शिरलो नाही. बाहेर, अर्ध्या ओढलेल्या शटरला टेकून उभा राहिलो.

आत काय चाललेलं म्हणता! इरफान भांड्यांचं दुकान उतारावरनं ढकलत होता. बाई एकच तार ओढत होत्या. बेंजो भिजल्या मांजरागत ओरडत होता. मला लय बरं वाटलं. म्हटलं, भोगा आता. आणि तेवढ्यात बेंजो थांबला. ड्रम थांबले, गिटार थांबलं. शेडात चिडीचूप.

शपथेवर सांगतो, मी काही केलं नाही. बोटांनी केलं. शटरवर सात ठोके. लागलीच बेंजो सुरू झाला आणि मी तिथनं पळालो. एकाहत्तराव्या वर्षी, चपला हातात घेऊन.

दोन महिन्यांनी, संध्याकाळच्या वक्ताला, शुभदाबाई माझ्या ओसरीवर येऊन बसल्या. हातात फोन. म्हणाल्या, "काका, अल्बम आला. तुम्हाला एक जागा ऐकवायची आहे. बापूकाका प्रत्येक कार्यक्रमात मध्येच थांबतात, आम्हालाही थांबवतात. सात ठोके मोजायचे आणि पुढं जायचं. एकदा इरफाननं ती जागा भरली, तर त्याच्याशी आठ दिवस बोलले नाहीत. म्हणाले, ती जागा दिल्याली हाय."

त्यांनी फोनवर ती जागा लावली. तोच गोंधळ, मग शांत. मग पत्र्यावर सात ठोके. आणि बेंजो सुरू व्हायच्या आधी, अगदी हळू, बापूचा घोगरा आवाज.

"आला. माजा दादू आला."

"दादू म्हणजे तुम्हीच ना?" बाईंनी विचारलं.

"त्या दिवशी मी दाताच्या डॉक्टरकडं होतो," मी म्हणालो आणि डोळे पुसायला आत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटीवरची हलगी काढली, अंगणात उसाचं पाचट पेटवून तिचं कातडं तापवलं आणि बापूच्या दारात गेलो. वैनीनं विचारलं, "भावजी, च्या घेणार?" मी पहिल्यांदाच हो म्हणालो.