निरीक्षकांच्या घरची पडताळणी

कपाटातून बारकीची गुणपत्रिका नाहीशी झाली, तेव्हाच निरीक्षकांच्या कपाळाला आठी पडली. तीस वर्षं त्यांनी दुकानांतले तराजू तपासले होते. दुकानदार जरा जास्त गोड हसला, की ते सरळ पारड्याखाली हात घालून मेणाचा गोळा शोधायचे. बहुतेक वेळा सापडायचाच. आणि गेले पंधरा दिवस त्यांची धाकटी लेक, ही बारकी, फारच गोड हसत होती.

"पास झालेल्या मुलीला गेल्या वर्षीची गुणपत्रिका लागते कशाला?" त्यांनी बायकोला विचारलं.

"तिची आहे, तिनं नेली. तुम्ही आधी भाजी निवडा. संशय काय, संध्याकाळीसुद्धा घेता येईल."

पण संशय कुठला थांबतोय? बारकीच्या टेबलावर पहिल्या वर्षाचं गणिताचं पुस्तक निघालं. पोरगी शिकतेय दुसऱ्या वर्षाला, आणि गणितं सोडवतेय पहिल्या वर्षाची!

दुसऱ्या दिवशी रजा टाकून निरीक्षक तिच्या मागोमाग कॉलेजात गेले. जिन्याखाली सायकलींच्या आड उभं राहून त्यांनी खिडकीतून पाहिलं. पहिल्या वर्षाच्या वर्गात, पहिल्या बाकावर, बारकी!

झालं. म्हणजे पोरगी नापास झालीय आणि आपल्याला दाखवली ती गुणपत्रिका खोटी! निरीक्षकांना भडभडून आलं. नापास झाली त्याचं एवढं नाही, पण चार वर्षांची असताना जिला मांडीवर बसवून काटा धरायला शिकवला, तिनं आपल्याच घरात खोटं माप वापरावं?

तसेच ते तडक कॉलेजच्या ऑफिसात शिरले. "एका गुणपत्रिकेबद्दल तक्रार आहे. खोटी असण्याचा संशय आहे."

"तक्रार कुणाची?" कारकुनानं विचारलं.

"मुलीच्या बापाची."

कारकुनानं चष्मा काढला. "साहेब, बाप इथं मार्क वाढवा म्हणून येतात. तपासा म्हणून आलेले तुम्ही पहिलेच."

निरीक्षकांनी सवयीनं 'सदर गुणपत्रिका जप्त करून कसून चौकशी व्हावी' असं लिहून खाली झोकदार सही ठोकली. खोट्या गुणपत्रिकेचं नाव ऐकताच कारकून कागद घेऊन प्राचार्यांकडे पळाला.

संध्याकाळी बारकी रडतच घरी आली. "बाबा, काय करून ठेवलंत हे? ते मोठं विज्ञान विद्यापीठ आहे ना, मला तिथं बदली घ्यायचीय. तिसऱ्या वर्षाला बाहेरून फक्त बाराजणांना घेतात. परवा त्यांची परीक्षा आहे, ती सगळी पहिल्या वर्षाच्या गणितावर, म्हणून मी पुन्हा त्या वर्गात बसतेय. शिवाय कॉलेजनं तपासलेले मार्क सीलबंद पाकिटातून शुक्रवारपर्यंत पोचायला हवेत. त्यासाठी महिनाभर ऑफिसात खेटे घालतेय, आणि तुम्ही माझ्यावरच चौकशी लावलीत!"

"मग आधी सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ते विद्यापीठच तपासायला गेला असता."

"काटा घेऊन," बायकोनं आतून भर घातली.

स्वतःच्या हातानं निरीक्षकांनी पोरीच्या वाटेत धोंडा आणून ठेवला होता. सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच ते दारात जाऊन उभे राहिले.

"माझी तक्रार मागे घ्यायचीय," ते कसंबसं म्हणाले.

"आता कसली मागे घेता? चौकशी झालीसुद्धा." कारकुनानं एक सीलबंद पाकीट पुढे सरकवलं. "तिचा अर्ज ढिगाच्या तळाशी होता, दोन महिने वर आला नसता. पण तुमची तक्रार वाचून प्राचार्यांनी काल स्वतः बसून एकेक मार्क तपासला. एक चूक सापडली."

निरीक्षकांच्या तोंडचं पाणी पळालं. "कसली?"

"बेरजेची. आमचीच. तिचे तीन मार्क वाढले."

पाकीट गुरुवारी पोचलं. पुढच्या महिन्यात यादी लागली. बाराजणांत बारकी बारावी.

"ते तीन मार्क नसते तर?" बायको डोळे पुसत म्हणाली.

"ते ठीक आहे," निरीक्षक म्हणाले, "पण बाराच का घेतात? तेरा का नाही?"

"अहो, पुरे!"

निघायच्या दिवशी बारकीची बॅग निरीक्षकांनी स्वतःच्या काट्याला टांगली. बसवाले माणशी वीस किलोच सामान घेत. आईनं दोन रजया कोंबल्या होत्या, बापानं न सांगता गणिताची आणखी तीन पुस्तकं सरकवली होती. काटा साडेबावीसवर जाऊन थांबला.

"किती भरली, बाबा? काही काढू का?"

तीस वर्षांत त्यांनी कुणाला एक ग्रॅम सोडला नव्हता. त्यांनी घसा खाकरला आणि आकड्यांवर तळहात ठेवला. "वीस. बरोबर वीस."

बारकीनं त्यांच्याकडे पाहिलं. फारच गोड हसत होते. ती जवळ आली. "हात काढा बघू."

"काय गं," निरीक्षक कडाडले, "सख्ख्या बापावर संशय घेतेस?"