वाट चुकलेले शिगेमात्सु

मेंदूला गंज चढू द्यायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या हातात असतं, असं शिगेमात्सु भेटेल त्याला ऐकवत. वयाच्या अठ्ठ्याहत्तरीत सकाळी बांगडा, दुपारी शब्दकोडं, डाव्या हाताने दात घासणं आणि रोज बंदरापर्यंत पायी फेरी. त्या फेरीतही शंभरातून तीन-तीन वजा करत चालायचं आणि मध्येच टाळी वाजवायची. टीव्हीवरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, याने मेंदू तल्लख राहायला मदत होते. खात्री त्यांनी दिली नव्हती, ती शिगेमात्सुंनी स्वतःच घेऊन टाकली होती.

या सगळ्यामागे खरं तर भीती होती. त्यांचे थोरले बंधू शेवटी शेवटी त्यांना पोस्टमन समजायचे आणि पत्र आलं का म्हणून विचारायचे. ते आठवलं की शिगेमात्सु एक बांगडा जास्त खायचे.

त्या रविवारी वजा करत करत ते एकोणऐंशीवर पोचले होते तेवढ्यात भाजीवाली समोरून आली. रोज मुळ्याच्या भावावरून भांडणारी ही बाई आज वाकून, गोड हसून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "आजोबा, कुठे निघालात?"

"बंदरावर. आणि आजोबा कोणाला म्हणतेस? काल शिळा मुळा गळ्यात मारलास तेव्हा नव्हतो आजोबा?"

"बरं बरं. घर कुठे आहे, आठवतंय का?"

शिगेमात्सुंनी रागाने पत्ता सांगितला आणि घाईत घरनंबर चुकवला. बाईने हळूच मान हलवली.

ते तरातरा पुढे निघाले. कोपऱ्यावर न्हावी उभा होता.

"काही घाई नाही हं, आजोबा. पाणी घेता का?"

"अरे, परवाच माझे केस कापलेस तू!"

"हो ना, हो ना," न्हावी मायेने म्हणाला.

आता मागे भाजीवाली, बाजूला न्हावी, पुढे टपालखात्याची बाई. सगळ्यांच्या तोंडावर तेच गोड हसू. फुमिएने, म्हणजे बायकोने, सगळ्या गल्लीला सांगितलं तर नसेल? काय सांगितलं असेल?

"मला काहीही झालेलं नाही," ते ओरडले.

सगळ्यांनी समजुतीने माना डोलावल्या. तेव्हा त्यांना आठवलं, थोरले बंधूसुद्धा अगदी हेच म्हणायचे, याच आवाजात. ते देवळाच्या पायरीवर बसले. एकोणऐंशीतून तीन गेले किती, तेही सुचेना. डोळ्यांतून पाणी आलं.

"मला घरी न्या," ते म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. हातात कर्णा घेतलेले वस्तीसमितीचे अध्यक्ष एजिमा देवळामागून पुढे आले. "सराव संपला. वाट चुकलेल्या म्हाताऱ्या माणसाशी कसं बोलावं, ते आज सगळ्यांना नीट जमलं. आणि शिगेमात्सु-सान, काय काम केलंत हो, अंगावर काटा आला."

सराव होता तर! शिगेमात्सुंच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्यांनी डोळे पुसले आणि ते खदखदून हसले. "भल्या माणसांनो, माझा जीव घेतलात की. आधी सांगायचं तरी."

"सांगायचं?" एजिमाही हसले. "गेल्या सभेत तुम्हीच तर हट्ट धरलात, हरवलेला माणूस मीच होणार म्हणून. दुसऱ्या कोणाला करू दिलं नाहीत."

पुन्हा हशा पिकला. शिगेमात्सु सगळ्यांहून मोठ्याने हसले आणि त्यांनी वाकून कौतुक स्वीकारलं. गर्दीत फक्त फुमिए हसत नव्हती. तिने येऊन त्यांचा हात धरला. गल्लीत, चारचौघांत, तिने तो पूर्वी कधी धरला नव्हता.

"अगं, मी खरंच असं म्हणालो होतो?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ," ती म्हणाली.

"जाऊ की," शिगेमात्सु म्हणाले. "फक्त सकाळी मला आठवण करून दे."