राऊतांचा हुकूम

आमच्या शेजारच्या राऊतांकडे गेलात, तर ते 'चहा की कॉफी' असं विचारत नाहीत. ताठ उभे राहून गरजतात, "पेय निवडा. चहा. कॉफी." पहिल्यांदा आलेला माणूस घाबरून पाणी मागतो.

हे सगळं क्लिंगॉन भाषेमुळे. एका परदेशी मालिकेतल्या परग्रहावरच्या लढवय्यांसाठी कुणीतरी ही आख्खी भाषा रचली. तिचा कोश राऊतांना बोईसरच्या रद्दीवाल्याकडे मिळाला. कारखान्यात स्टोअर सांभाळणारा हा माणूस तेव्हापासून 'हे की ते' म्हणेनासा झाला. "ते लोक विचारत बसत नाहीत," ते सांगतात. "सरळ हुकूम सोडतात."

माझी जळजळ सुरू झाली ती नवापूरच्या जनाबाईपासून. ती दारावर मासे घेऊन येते. मला म्हणते, "घ्यायचं तर घे, नाय तर राहू दे." राऊतांपुढे मात्र पाटी उतरवून कमरेवर हात ठेवते. "मासा निवड. पापलेट. सुरमई." ताजं पापलेट तिकडे आणि माझ्या वाट्याला मऊ पडलेले बोंबील.

मासे गेले तरी चाललं असतं. पण माझी सात वर्षांची मीनू शाळेतून आली की दप्तर टाकून तिकडेच पळायची. जेवताना मलाच दरडावायची, "बाबा, निवडा. भाकरी. भात." माझ्या कुठल्याही गमतीला ती कधी एवढी हसली नव्हती.

एका रविवारी मला राहवलं नाही. राऊतांच्याच ओट्यावर मी तिला विचारलं, "मीनू, तुला बाबा जास्त आवडतात की राऊतकाका?"

मीनू खाली बघू लागली. राऊतांनी तिला पाणी आणायला आत पाठवलं.

"असं विचारू नका हो," ते म्हणाले. "बायको कायमची मनोरला माहेरी निघाली, तेव्हा मी मुलाला विचारलं होतं, आई की बाबा. तो आई म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. पण अजून भेटला की माझ्याकडे बघत नाही. त्याला वाटतं, त्यानं मला टाकलं. मी 'आई निवड' असा हुकूम केला असता, तर सगळं माझ्या माथी आलं असतं."

मला माझी लाज वाटली. मत्सर मात्र तसाच होता, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी मीनू दप्तर ठेवून दारातच घुटमळली. एकदा माझ्याकडे बघे, एकदा राऊतांच्या दाराकडे. मी कमरेवर हात ठेवून ताठ उभा राहिलो.

"राऊतकाका निवड," मी म्हणालो.

ती पळाली. पलीकडून दोघांचं हसणं ऐकू आलं, आणि मी माझे बोंबील साफ करायला घेतले.