भिंतीजवळ रडू नये

मातीची भिंत म्हातारी झाली की तिला जपावं लागतं, आणि जपायचं म्हटलं की समिती आलीच.

जुन्या कोटाच्या त्या शेवटच्या भिंतीसाठीही एक आली. सदस्य अकरा, खुर्च्या आठ (तिघे कायम दौऱ्यावर असतील हे धरून). जमिनीतलं मीठ ओलीबरोबर भिंतीत चढतं, वाळताना पापुद्रे फोडतं आणि माती पिठासारखी गळू लागते, हे समितीने पहिल्याच बैठकीत एकमताने ओळखलं. बैठक भिंतीला टेकून बांधलेल्या नव्याकोऱ्या कार्यालयात झाली. कार्यालयात हात धुवायचं बेसिन होतं आणि बेसिनचा पाइप भिंतीच्या पायथ्याशी गळत होता.

राखणदार काही तज्ज्ञ नव्हता, त्यामुळे त्याला ते लगेच दिसलं. त्या भिंतीवर त्याचा जीव होता. त्याची आई दर वर्षी तिला मातीचा हात द्यायची, आणि शेवटच्या लिंपणात, छातीच्या उंचीवर, तिचा उजवा पंजा उमटून राहिला होता. घरात आईचा एकही फोटो नव्हता. आई म्हणून दाखवायला तेवढा पंजाच होता.

"साहेब, पाइप गळतोय. तेवढा बंद करा, मीठ आपोआप थांबेल," तो अध्यक्षांना म्हणाला.

अध्यक्ष समजूतदार माणूस. "हे बघा, पाणी दुसऱ्या समितीकडे आहे. आपल्याकडे फक्त मीठ. लोकांच्या कामात नाक कशाला खुपसायचं?"

मग समितीने मिठाचा माग काढला. मीठ येतं कुठून? माणसातून. घामात मीठ, अश्रूंत मीठ, जेवणाच्या डब्यात तर उघडउघड मीठ. त्यानुसार नियम झाले. भिंतीपासून वीस पावलांच्या आत कर्मचाऱ्यांनी घाम गाळू नये (हा शंभर टक्के पाळला गेला). डबा आळणी आणावा. खारे दाणे जप्त होतील (जप्त झालेले दाणे सदस्यांनी स्वतः खाऊन नष्ट केले, त्याचा पंचनामा आहे). भिंतीजवळ रडू नये. कोट पडल्याची हकिगत सांगताना बायाबापड्यांचे डोळे भरून येतात, म्हणून वाटाड्याला शेवट गोड करायचा हुकूम झाला. हल्ली त्या लढाईत दोन्ही बाजू जिंकतात.

"अहो, रक्तदाब तुम्हाला आहे की भिंतीला?" आळणी भाजीचा डबा हातात देताना राखणदाराच्या बायकोने विचारलं.

मीठ पहिल्या वर्षी घोट्यापर्यंत चढलं, दुसऱ्या वर्षी गुडघ्यापर्यंत, तिसऱ्या वर्षी कमरेपर्यंत. अहवालात याला 'सातत्यपूर्ण प्रगती' म्हटलं आहे. राखणदाराने पाइपाबद्दल सात अर्ज दिले आणि सातही अर्जांची पोच मिळाली; समितीच्या कारभाराला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. शेवटी न राहवून त्याने पाइपाखाली बादली ठेवली. वारसास्थळातली अनधिकृत वस्तू म्हणून ती उचलली गेली.

चौथ्या वर्षी एका सकाळी मीठ पंजाशी पोचलं. आधी करंगळी गळाली, मग एकेक करत बाकीची बोटं. राखणदार खाली ओंजळ धरून उभा राहिला. आईचा हात त्याच्या हातात भुकटी होऊन साठला, आणि एवढा बाप्या माणूस, पण त्याला रडू आवरेना.

अकराच्या अकरा सदस्य धावत आले (दौऱ्यावरचे तिघेसुद्धा). चार वर्षांच्या अथक शोधानंतर मिठाचा स्रोत रंगेहाथ सापडला होता. 'भिंतीच्या ऱ्हासास राखणदाराचे अश्रू कारणीभूत' असा निष्कर्ष निघाला. अश्रू पंजा गळाल्यानंतर आले, ही तांत्रिक बाब परिशिष्टात दिली आहे. राखणदाराची बदली झाली. ओंजळीतली माती पुरावा म्हणून ठेवून घेतली.

निष्कर्षाला जनतेचा आधार असावा म्हणून समितीने अभिप्रायाची वहीही तपासली. चार वर्षांत नऊ हजार माणसं भिंत पाहून गेली. झाडून सगळी त्या बेसिनवर हात धुऊन, पायथ्याच्या चिखलावरून उडी मारून बाहेर पडली. पाइपाबद्दल वहीत एक अक्षर नाही. बहुतेकांनी 'व्यवस्था उत्तम' लिहिलं आहे. तिसऱ्या पानावर, वरून पाचवी सही तुमचीच दिसते. तुम्ही मात्र स्पष्ट तक्रार नोंदवली आहे, आणि समितीने तिची तातडीने दखलही घेतली: साबण नव्हता.